मागच्या ब्रेकबाबत माझं म्हणणं

चौबे कॉलनी, रायपूर.
मंगळवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर.

चि. नरेंद्र,

तुला, उल्काला आणि आशयला तुमच्या रायपूरच्या भाऊजींचे, म्हणजे माझे, पोटभर आशीर्वाद. उल्काचा खांदा आता वर जातो का? (जात नसेल तर त्या मशीनवाल्या डॉक्टरकडे जाणं बंद करावं. मशीन लावून खांदा बरा झालेला एकही माणूस मी पाहिलेला नाही.) आशयच्या परीक्षेचं विचारत नाही, कारण चांगलं काही घडलं असतं तर तुझा फोन आलाच असता. इकडे तुझी ताई ठणठणीत आहे. मीही ठणठणीत आहे, फक्त रक्तदाब सोडून, आणि तो कोणी वाढवला हे कळवण्यासाठीच हे पत्र आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू वकील. तोंडी सांगितलेलं तुम्ही लोक हो-हो करत ऐकता आणि तारखेच्या दिवशी विसरता. कागदावर लिहिलेलं पुढे पुराव्याला लावता येतं. तेव्हा हे पत्र जपून ठेव, त्याच्यावर चहाचा कप ठेवू नको.

मुद्दा असा की मला गाडीचा ब्रेक वापरता येत नाही, असं छापील कागदावर लिहून माझ्या हातात देण्यात आलेलं आहे. माझ्या! तेहेतीस वर्षं मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात काढली. यार्डात गाडी लागली की इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हातोडी घेऊन चालायचं, प्रत्येक चाकाशी वाकायचं, ब्रेक धरतो का आणि धरल्यावर सोडतो का हे डोळ्यांनी पाहायचं, आणि मग ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही ठोकायची. त्या सहीशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, मग आत कोळसा असो की वऱ्हाड. (एकदा एका मोठ्या साहेबांच्या डब्याचा ब्रेक ब्लॉक झिजलेला निघाला आणि मी गाडी पाऊण तास उभी ठेवली. साहेब खाली उतरून भजी खाऊन आले, मला मेमो मिळाला. तो मेमो मी फ्रेम करून हॉलमध्ये लावणार होतो, पण तुझ्या ताईने त्या खिळ्यावर कॅलेंडर लावलं.) त्या माणसाला ब्रेक कळत नाही म्हणे.

आता सुरुवातीपासून सांगतो. चौदा महिन्यांपूर्वी घेतलेली आमची पांढरी गाडी तुला माहीत आहे, तू तिचे पेढे खाल्लेले आहेस. तीन वर्षांची वॉरंटी आहे. गाडी घरी आल्या दिवसापासून मी ती रेल्वेच्या नियमाने उभी करतो. यार्डात डबे उभे करताना हातब्रेक आवळायचा, साखळी घालायची आणि चाकांखाली लाकडी गुटके सारायचे, नाहीतर नुसत्या वाऱ्याने डबे चालू लागतात. आमच्या गल्लीला उतार नाही हे मला मान्य आहे. पण नियम उतार बघून करायचा नसतो. म्हणून मी हँडब्रेक दोन्ही हातांनी, अगदी शेवटच्या दातापर्यंत ओढतो आणि मागच्या चाकांना बाभळीचे दोन गुटके लावतो. (साखळीही लावत होतो, पण येणारे-जाणारे बकरी कुठे आहे म्हणून विचारू लागले तेव्हा ती काढली.) शिवाय एक रजिस्टर आहे. कुठून कुठे गेलो आणि किती किलोमीटर, हे त्याच दिवशी लिहितो. मीटर बघत नाही, रायपुरातली अंतरं मला पाठ आहेत. इतकी निगा तर लोक जावयाचीही राखत नाहीत.

तर तीन आठवड्यांपूर्वी रविवारी तुझ्या ताईला बुढापाऱ्यात प्रेमलाबाईंकडे हळदीकुंकवाला सोडायला निघालो. वाटेत जळका वास येऊ लागला. मी म्हटलं, कोणीतरी कचरा जाळतंय. तुझी ताई म्हणाली, हो, कचराच असेल. (एरवी माझ्या कुठल्याही वाक्याला ती पहिल्या झटक्यात हो म्हणत नाही.) तलावाजवळच्या गल्लीत शिरलो तेव्हा स्कूटरवाले हात करून काहीतरी ओरडत होते, मला वाटलं पेन्शनर मंडळातल्या ओळखीमुळे नमस्कार करताहेत, मीही नमस्कार केला. शेवटी एका गुपचुपच्या, म्हणजे तुमच्याकडच्या पाणीपुरीच्या, ठेल्याशी गर्दीमुळे थांबावं लागलं तेव्हा आरशात पाहिलं, तर मागच्या डाव्या चाकातून धूर. मी उतरून चाकाशी वाकेपर्यंत तो गुपचुपवाला 'आग, आग' करत आला आणि त्याने गुपचुपच्या पाण्याचा आख्खा मटका चाकावर रिकामा केला. चिंच, पुदिना, काळं मीठ, सगळं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकू नये हे सांगायला मी तोंड उघडलं आणि त्या वाफेचा एक भपका सरळ घशात गेला. पुढची दहा मिनिटं मी फक्त खोकत होतो, आणि गल्लीतली माणसं माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून गाडीबद्दल सांत्वन करत होती. मटक्याचे पैसे मी दिले. प्लेटही खाल्ली, कारण तो बिचारा फारच ओशाळला होता.

दुसऱ्या दिवशी टोचन लावून गाडी रिंग रोडवरच्या शोरूममध्ये नेली, जिथून ती घेतली होती. तिथे आत गारेगार हवा, कॉफीचं मशीन आणि पियुष नावाचा सर्व्हिस ॲडव्हायजर. आडनाव वानखेडे, मूळ अमरावतीकडचा, घरी आईशी मराठी बोलत असणार, पण मी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर. हातात पाटीएवढा टॅब. 'अंकल, आप टेंशन मत लीजिए' असं त्याने पहिल्या पाच मिनिटांत चार वेळा म्हटलं, तेव्हाच मला टेन्शन आलं. संध्याकाळी त्याने कागद आणून दिला. मागचे दोन्ही ड्रम, दोन्ही बाजूंचे ब्रेक शू, स्प्रिंग, व्हील सिलिंडर, मजुरी, सगळं मिळून अठरा हजार सहाशे चाळीस. वॉरंटी नामंजूर. नामंजुरीची कारणं दोन. एक, 'ब्रेकमध्ये अनोळखी हिरवा पदार्थ, वास मसालेदार.' आणि दोन, ज्याच्यासाठी मी आज हे पत्र लिहितो आहे: 'ड्रायव्हर एरर.'

पैशांचं सोड. पेन्शन येते, खायला दोन तोंडं आहेत, अठरा हजारांनी मी रस्त्यावर येत नाही. पण 'ड्रायव्हर एरर' हे दोन शब्द त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या नावापुढे कायमचे राहणार, हे मला मंजूर नाही. मी तिथेच उभा राहून सांगितलं की शू झिजतात, ते वॉरंटीत येत नाहीत, कबूल. पण स्प्रिंगा चौदा महिन्यांत मऊ पडल्या तर शू परत मागे येणार कसे? ते ड्रमला घासत राहणार, ड्रम तापणार, धूर निघणार. स्प्रिंग कारखान्यातूनच कच्ची आली, कारखान्याची चूक, द्या बदलून. पियुष म्हणाला, अंकल, स्प्रिंग गरम होऊन मऊ पडली आहे, मऊ पडून गरम झालेली नाही. मी म्हटलं, तुझं वय किती? तो म्हणाला, चोवीस. मी म्हटलं, तुझ्या वयाच्या माझ्या हातोड्या आहेत.

मग मी ड्रम दाखवा म्हटलं. वर्कशॉपमध्ये कस्टमरला जाता येत नाही अशी तिथे पाटी आहे. मी पाटी वाचली आणि आत गेलो. तिथे भैय्यालाल नावाचे एक जुने मेकॅनिक आहेत, धमतरीकडचे, साठीला आलेले, त्यांनी दोन्ही ड्रम माझ्यासमोर फरशीवर ठेवले. आतून निळेजांभळे पडलेले. भैय्यालाल शांतपणे म्हणाले, 'बाबूजी, कोनो ह हेंडबिरेक खींचे-खींचे गाड़ी चलाए हे.' हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी चालवली, असा त्याचा अर्थ. मी त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितलं की ब्रेक चिकटण्याची कारणं सतरा असतात, ती कोणती, आणि कोणत्या मोसमात कोणतं कारण जास्त. ते प्रत्येक कारणाला 'हव', म्हणजे हो, म्हणत होते. सतरावं झाल्यावर त्यांनी पुन्हा ड्रमकडे बोट दाखवलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तुला सांगतो, त्या माणसाचा मला राग आला नाही, पण मी तसं दाखवलं नाही.

आता माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा ऐक. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन गेलो. चौदा महिन्यांची बेरीज तीन हजार एकशे चाळीस किलोमीटर. गाडीचं मीटर दाखवतं चार हजार तीनशे बारा. मधले अकराशे बहात्तर किलोमीटर कोणी चालवले? मी भर शोरूममध्ये टेबलावर रजिस्टर आपटून विचारलं की पहिल्या दोन सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी तुमच्या ताब्यात होती, तेव्हा तुमची पोरं माझी गाडी घेऊन कुठे गेली होती, जगदलपूरला? त्यावर मॅनेजर शर्मिष्ठा मॅडम आल्या (वयाने आपल्या आशयपेक्षा फार तर सहा वर्षांनी मोठ्या, पण बोलणं एकदम सासूसारखं) आणि त्यांनी गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची नोंद दाखवली. दोन्ही वेळा मिळून फरक नऊ किलोमीटर. म्हणजे तेवढे सोडून बाकीचे गाडी आमच्या घरी असतानाच झाले. मी म्हटलं, याचा अर्थ मीटरही खराब आहे, तेही वॉरंटीत बदलून द्या. एकात दोन दोष सापडल्याबद्दल त्यांनी माझी लेखी माफी मागावी असंही सांगितलं, ती मिळालेली नाही.

त्यानंतर तीन दिवस मी डबा घेऊन शोरूममध्ये बसलो. दहाला जायचं, पाचला परत. कॉफी तीनदा. (कॉफी चांगली आहे, खोटं कशाला बोलू.) नुसतं बसवेना म्हणून मी हॉलमधल्या विकायच्या नव्या गाड्या तपासू लागलो. तुला माहीत आहे, यार्डात डबा नादुरुस्त निघाला की त्याच्यावर खडूने 'सिक' लिहायचं, मग तो डबा कोणी गाडीला जोडत नाही. खडू माझ्या खिशात आजही असतो. एका लाल गाडीचा हँडब्रेक मला सैल वाटला, मी दारावर 'सिक' लिहिलं, खाली तारीख आणि सही. दुसऱ्या दोन गाड्यांनाही लिहिलं. माझा नाइलाज होता, सैल ते सैल. नेमकी ती लाल गाडी एका लग्नघरची निघाली. मंडळी हार, नारळ, ढोलवाला घेऊन डिलिव्हरीला आली, आणि नवऱ्यामुलाच्या आजीने ते अक्षर वाचायला लावलं. गाडी आजारी आहे असं कळल्यावर तिने नारळ पिशवीत परत ठेवला. एक तास तिथे जे काही चाललं ते मी कॉफी घेत पाहिलं. गार्ड मला बाहेर न्यायला आला तेव्हा मी त्यालाही बुटाची नाडी सुटल्याचं दाखवलं.

घरी या लढ्याची किंमत शून्य. तुझ्या ताईचं एकच पालुपद: 'भरून टाका न जी एकदाचे पैसे. त्या पोट्ट्यांच्या मागं काहून लागून राहिले?' एक्केचाळीस वर्षांच्या संसारात पैसे भरून टाका असं ती पहिल्यांदाच म्हणाली. परवा तर स्वतःच्या कपाटातून वीस हजार काढून माझ्यासमोर ठेवले. मी ते परत ठेवायला लावले. नवरा न्यायासाठी लढतो आहे आणि बायको शत्रूला रसद पुरवते आहे, असं कुठे असतं का?

शेवटी शनिवारी शर्मिष्ठा मॅडमनी मला केबिनमध्ये बसवलं, पंखा माझ्या बाजूला वळवला आणि समेटाची गोष्ट काढली. अर्धं बिल त्या सोडतील. माझ्या नावापुढचं 'ड्रायव्हर एरर'ही खोडतील. फक्त मी साध्या कागदावर एक ओळ लिहून द्यायची, की घरातल्या दुसऱ्या कोणीतरी हँडब्रेक न सोडता गाडी चालवली. 'बस एक लाइन, अंकलजी.' पेनही त्यांनीच उघडून दिलं. मी ते पेन बंद केलं, त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की अशी ओळ मी लिहिणार नाही, अर्धं काय, पूर्ण बिल सोडलं तरी लिहिणार नाही. वाटल्यास माझं नाव तसंच राहू द्या, पण आमच्या घरातलं दुसरं कोणतंही नाव तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येणार नाही. असं म्हणून डबा घेऊन निघालो. गाडी अजून तिथेच लिफ्टवर टांगलेली आहे, मागची चाकं काढलेली.

तेव्हा आता तू एक कडक नोटीस लिही. कच्च्या स्प्रिंगा, बिघडलेलं मीटर, मानसिक त्रास आणि तेहेतीस वर्षांच्या सेवेचा अवमान, सगळं घाल. गुपचुपच्या पाण्याचा उल्लेख 'तातडीचा अग्निशमन उपाय' असा कर. तुझी फी मी देणार नाही, पण पुढच्या खेपेला येशील तेव्हा तुझ्या आवडीचे तांदळाचे फरे आणि लाल टोमॅटोची चटणी मिळेल. उल्काला आशीर्वाद आणि आशयला एक धपाटा, परीक्षेचा निकाल जो काही असेल तो.

तुझा,
रामकृष्ण भाऊजी

ता. क. नोटीस लिहून झाली की ती शोरूमच्याच पत्त्यावर पाठव, घरी प्रत नको. उत्तरही मला इथे नको, मी स्वतः फोन करीन. हे पत्र तुझ्या घरी न पाठवता कचेरीत पाठवलं आहे, ते का ते पुढे वाच आणि वाचून झालं की हा शेवटचा कागद फाडून टाक. (पुराव्याला जपून ठेवायचं ते याच्या आधीचं.)

आणखी ता. क. भैय्यालालांचं म्हणणं बरोबर आहे. निळा ड्रम पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. तो रंग मी तेहेतीस वर्षं पाहिला आहे, त्याला सतरा कारणं नसतात. तुझी ताई गाडी चालवते. गाडी घेतली तेव्हा तिने मला शिकवा म्हटलं होतं आणि मी तिला, आधी गुडघे सरळ कर, असं बोललो होतो. चारचौघांत बोललो, तूही तिथे होतास आणि हसला होतास. ती समता कॉलनीतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गुपचूप शिकली. लायसन्स पोस्टाने आलं ते पोस्टमनकडून मीच घेतलं. पाकिटातलं कार्ड बोटांना लागलं, मी ते तिच्या मासिकात सारून ठेवलं. त्यानंतर एका दुपारी खोकला येऊन उठलो तर अंगणात गाडी नव्हती आणि दोन्ही गुटके भिंतीशी नीट एकावर एक ठेवलेले होते. साडेतीनला ती परत आली. खिडकीच्या फटीतून पाहिलं, गाडी एका झटक्यात मागे घेऊन लावली, मला तीनदा करावी लागते. मी धावत जाऊन पलंगावर पडलो आणि घोरू लागलो. शोरूमचे नऊ वजा जाता अकराशे त्रेसष्ट किलोमीटर, नरेंद्र. एवढ्यात ती तुझ्या घरी दोनदा येऊन परत गेली असती. ती ओळ मी लिहून दिली असती तर चूक तिच्या नावावर चढली असती, आणि तुझी बहीण तुला माहीत आहे, तिने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नसता. आणि चूक तिची नाहीच. हँडब्रेक मी दोन्ही हातांनी शेवटच्या दातापर्यंत ओढतो, तिच्या मनगटाने तो पूर्ण खाली जाणार कसा? अर्धवट ओढलेल्या ब्रेकवर गाडी फिरली, ड्रम तापले, स्प्रिंगा मऊ पडल्या, आणि धूर निघाला तो मी चालवताना. स्टिअरिंगमागचा हँडब्रेकचा लाल दिवा लागलेला राहतो तो गाडी चालू असल्याचाच, अशी तिची समजूत झाली असणार. म्हणून नोटीस कडकच लिही. आपण हरणार आहोत, पण मी त्यांना सहज जिंकू देणार नाही.

शेवटचं आणि खरं काम. तू तिचा धाकटा भाऊ, तुझ्याशी ती बोलते. या आठवड्यात फोन कर, इकडचं तिकडचं बोल, आणि उल्का गाडी शिकते आहे असं खोटंच सांगून सहज विषय काढ, की हँडब्रेक एका हाताने उतरला नाही तर दोन्ही हात लावावेत आणि लाल दिवा विझल्याशिवाय गाडी हलवू नये. तिला तेवढं कळलं की पुरे. मीच सांगितलं असतं, पण दुपारी दोन ते चार मी झोपलेला असतो, आणि यापुढेही झोपलेलाच असणार आहे.